सेल बदलले, चार्ज फुल्ल, तरी जोर लावला की ड्रिल बंद: परत परत येणाऱ्या दुखण्याचा छडा

चार्जरवर हिरवा दिवा लागला. पॅक ड्रिलला लावला, ट्रिगर दाबला, चक गरगर फिरला. मग लाकडात बिट टेकवून जरा जोर दिला आणि ड्रिलनं मान टाकली. ट्रिगर सोडून परत दाबला, तरी गप्प. दोन मिनिटं बाजूला ठेवलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. हे लक्षण ज्यांच्या ओळखीचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. विशेषतः ज्यांनी एकदा सेल बदलून पाहिले, चार दिवस बरे गेले आणि मग तेच दुखणं परत आलं, त्यांच्यासाठी.

माझ्या १८ व्होल्टच्या जुन्या ड्रिलची बॅटरी मी चार वेळा बांधली. मूळची निकेल-कॅडमियमची होती, ती लिथियम-आयनवर आणायची होती. तीन वेळा फसलो. तिन्ही वेळा लक्षण तेच होतं आणि कारण मात्र दर वेळी वेगळं. त्यामुळे प्रत्येक वेळी मी मागच्या वेळचा उपाय पुन्हा करत बसलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

या सगळ्याच्या मुळाशी माझी एकच खोड होती. मी दर वेळी मल्टिमीटर पॅकच्या टोकांना लावायचो, तो २०.१ व्होल्ट दाखवायचा, आणि मी म्हणायचो, बॅटरी ठणठणीत आहे. निवांत पडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फक्त ती किती भरली आहे ते सांगतं. ती किती करंट देऊ शकते याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. काम करताना ती किती खाली बसते ते मोजायला हवं होतं, आणि ते मी तिसऱ्या फसगतीनंतर मोजलं.

आधी बघा, नेमकं कधी बंद पडतं

पॅक उघडायच्या आधी हे करा, कारण बंद पडण्याची वेळच निम्मं निदान करून देते.

ट्रिगर दाबताक्षणी, चक जेमतेम हलायच्या आत बंद पडत असेल, तर तो करंटच्या झटक्याचा प्रकार आहे. थांबलेली मोटर सुरू होताना फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. पॅकमधला सुरक्षा बोर्ड, म्हणजे बीएमएस, त्याला शॉर्ट समजतो आणि दार लावून घेतो. परीक्षा सोपी आहे. ट्रिगर अगदी हळूहळू दाबत न्या. हळू दाबलं की चालतं आणि एकदम दाबलं की मरतं, असं असेल तर सेल बहुधा निर्दोष आहेत, बोर्ड तोकडा पडतोय. १८ व्होल्टच्या ड्रिलला २० अँपिअरचा बोर्ड लावला की हे हमखास होतं. बोर्डावर छापलेला आकडा सलग करंटचा आहे की क्षणभराचा, हेही विकत घेताना बघा. हलके बोर्ड क्षणभराचा आकडा मोठ्या अक्षरांत मिरवतात. सलग ४० अँपिअर झेपणारा आणि झटक्याला त्याच्या वर जाऊ देणारा बोर्ड लावला की हा विषय संपतो. काही जण वैतागून बोर्डच काढून टाकतात आणि थेट तारा जोडतात. ते करू नका. जुन्या ड्रिलमध्ये व्होल्टेज खाली गेल्यावर थांबवणारं दुसरं काहीच नसतं.

सुरू होतं, पण दाब दिल्यावर दोन-चार सेकंदांत बंद पडतं, हा सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार. यात व्होल्टेज बसतंय. पुढचं जवळजवळ सगळं लिखाण त्याच्याबद्दल आहे.

दहा-पंधरा मिनिटं सलग काम केल्यावर थांबत असेल तर पॅकला हात लावून बघा. गरम असेल तर आतला तापमानाचा सेन्सर आपलं काम करतोय, त्याला दोष देऊ नका. पॅक थंड आणि ड्रिलचं अंग तापलेलं असेल तर बॅटरीचा पिच्छा सोडा.

आणि पॅक हलवला, दाबून धरला की चालू, सोडला की बंद, असं असेल तर ते संपर्काचं काम. पाती काळी पडली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ड्रिलच्या बाजूच्या चिमट्यासारख्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर पॅक काढून बारीक पकडीनं किंचित आवळा. पॉलिश पेपरनं घासायचा मोह होतो, पण त्यानं वरचा मुलामा जातो आणि पुढच्या वेळी पातं आणखी लवकर काळं पडतं.

दोन बल्बांची परीक्षा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे दोन बल्ब घ्या आणि ते एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडा. १८ व्होल्टच्या पॅकवर ही जोडी साधारण ४ अँपिअर ओढते. ड्रिल याच्या पाचपट ओढतं, पण मोजमापाला ४ अँपिअर पुरतात, कारण मग गुणाकार करता येतो. १०.८ किंवा १२ व्होल्टच्या पॅकला एकच बल्ब चालतो. बल्ब भाजण्याइतका तापतो, तेव्हा तो फरशीवर ठेवा.

पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर तसाच ठेवा, मग उघडा. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. उघड्या पॅकवर स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर ठिणगी उडून तो जागेवर चिकटू शकतो.

लिथियमच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच गट सिरीजमध्ये असतात. (गट म्हणजे एक सेल, किंवा शेजारी-शेजारी जोडलेले दोन-तीन.) प्रत्येक गट ३.६ व्होल्टचा, म्हणून पाच गटांचे १८. तेच पाच गट पूर्ण भरलेले असताना ४.२ व्होल्टच्या हिशेबानं २१ होतात. काही पॅकवर २० व्होल्ट लिहिलेलं असतं, पण आत तेच पाच गट असतात. भरलेल्या अवस्थेचा आकडा छापला की बॅटरी मोठी वाटते, एवढंच. प्रत्येक गटाच्या टोकाशी बीएमएसची एक बारीक तार येते. मल्टिमीटरच्या काड्या लागोपाठच्या दोन तारांच्या जोडाला लावायच्या, एका गटाचं व्होल्टेज वाचायचं. आधी बल्ब न लावता पाच आकडे लिहा. मग बल्ब लावून दहा सेकंदांनी पुन्हा पाच आकडे लिहा. मनात ठेवू नका, कागदावर लिहा.

माझ्या तिसऱ्या पॅकचे आकडे असे होते. निवांत: ४.०२, ४.०१, ४.०२, ४.००, ४.०२. यावरून कुणीही म्हणेल, पाची भाऊ सारखे. बल्ब लावल्यावर: ३.९३, ३.९२, ३.९३, ३.६६, ३.९३.

चौथा गट ०.३४ व्होल्टनं बसला, बाकीचे ०.०९ नं. या घसरणीला ४ अँपिअरनं भागलं की अंतर्गत रोध मिळतो. बाकीच्यांचा साधारण २२ मिलिओहम आणि चौथ्याचा ८५. आता ड्रिलचे २० अँपिअर घाला. बाकीचे गट ०.४४ व्होल्ट खाली येतील आणि साडेतीन व्होल्टच्या वर राहतील. चौथा १.७ व्होल्टनं बसेल आणि २.३ वर जाईल. बीएमएस सहसा २.५ ते २.८ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी तोडतो, आणि त्याला पाची गटांची बेरीज नको असते, तो प्रत्येक गट वेगळा बघतो. एक बैल बसला की गाडी थांबते, मग बाकीचे कितीही ताजे असोत. लोड गेला की चौथा गट लगेच वर उसळतो, बोर्ड दार उघडतो, आणि आपण म्हणतो, अरे, परत चालू झालं की!

हिरवा दिवा आणि बंद ड्रिल एकाच वेळी कसे, याचं कोडं या दोन ओळींच्या गणितात सुटतं. आता चौथा गट का बसला हे शोधायचं. माझ्या तीन पॅकनी तीन उत्तरं दिली.

पहिली आणि दुसरी फसगत: सेलवरचा मोठा आकडा

पहिल्या पॅकमध्ये मी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले १८६५० सेल घातले होते. (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव.) चार्जरवर ते छान भरायचे, क्षमताही दोन हजार मिलिअँपिअर-तासाच्या वर दाखवायचे. पण लॅपटॉप एका सेलकडून एक-दोन अँपिअर मागतो आणि ड्रिल वीस. वापरलेल्या लॅपटॉप सेलचा रोध ८० मिलिओहम असणं काही विशेष नाही. वीस अँपिअरला त्यात १.६ व्होल्ट जागच्या जागी जिरतात. ४.० वरचा सेल २.४ वर. खेळ खलास.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. नवे, नावाजलेल्या बनावटीचे, ३४०० मिलिअँपिअर-तासाचे सेल घेतले. मोठा आकडा, मोठी ताकद, असा सरळ समज. पण मिलिअँपिअर-तास सांगतात की सेल किती वेळ पुरेल. एका दमात किती देईल ते सांगतात अँपिअर, आणि ते सेलवर छापलेले नसतात, ते माहितीपत्रकात बघावे लागतात. या जातीच्या जास्त क्षमतेच्या सेलची सलग करंटची मर्यादा पाच-सात अँपिअरच्या आसपास असते. आत जास्त मसाला कोंबण्यासाठी थर जाड करावे लागतात, आणि जाड थरातून करंट सावकाश निघतो. ५० मिलिओहमच्या सेलमधून २० अँपिअर ओढले की आत २० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. बोटाएवढ्या बंद डबीत जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवल्यासारखं ते होतं. तो पॅक बंद पडत होता ही त्याची मेहेरबानीच म्हणायची.

ड्रिलसाठी जास्त करंटचे सेल वेगळे मिळतात. सॅमसंगचा २५आर हा २५०० मिलिअँपिअर-तासाचा, पण सलग २० अँपिअर देणारा. एलजीचा एचजी२ ३००० चा आणि तोही २० अँपिअरचा. २१७०० या थोड्या मोठ्या आकारात मोलिसेलचा पी४२ए ४२०० चा असून ४५ अँपिअरपर्यंत जातो. कागदावर २५०० हा ३४०० पेक्षा लहान दिसतो. ड्रिलमध्ये मात्र २५०० वाला कामं उरकतो आणि ३४०० वाला भोकाच्या मध्यात हात वर करतो.

इथेच बनावट सेलचंही सांगून टाकतो. १८६५० मध्ये ३६०० मिलिअँपिअर-तासाच्या वर क्षमता जवळजवळ जात नाही. ज्याच्यावर ५००० किंवा ९९०० छापलंय तो नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. असला सेल तराजूवर ठेवा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. तीसेक ग्रॅम भरला तर आत काय आहे याचा विचारही करू नका.

आणि जुने-नवे मिसळू नका. पाचांतला एक मेला म्हणून तेवढाच बदलला की तो नवा सेल चारांच्या म्हातारपणाला बांधला जातो. काही आठवड्यांनी उरलेल्यांतला सर्वांत थकलेला बसतो, मग तो बदलायचा. परत परत येणाऱ्या दुखण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. एकाच जातीचे, एकाच खेपेतले सगळे सेल एकदम घाला.

तिसरी फसगत: सेल चांगले, जोड कच्चा

तिसऱ्या पॅकमध्ये २० अँपिअरचे सेल होते आणि तो चार महिने झकास चालला. मग एक दिवस तेच. वर दिलेले आकडे याच पॅकचे. मी चौथ्या सेलला मेलेला ठरवून कापायला निघालो होतो. पकड हातात घेतली आणि सहज, फार विचार न करता, मल्टिमीटरची काडी सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर टेकवण्याऐवजी सेलच्या टोकावरच टेकवली. बल्ब चालू होते. आकडा आला ३.९१.

सेल ठणठणीत होता. तो आणि पट्टी यांच्यामध्ये पाव व्होल्ट गायब होत होतं. पट्टी सेलला धरून ठेवणाऱ्या स्पॉट वेल्डिंगच्या चार ठिपक्यांपैकी तीन सुटले होते, चौथ्यावर सगळा कारभार चालू होता. ड्रिलची थरथर चार महिने त्या जोडाला हलवत होती. बीएमएसची तार पट्टीला जोडलेली असते, त्यामुळे जोडात जिरलेलं व्होल्टेजही त्याला सेलच्याच खात्यावर दिसतं. बिचाऱ्याची चूक नाही.

तेव्हा एखादा गट बसलेला दिसला की सेल फेकण्याआधी दोनदा मोजा, एकदा पट्टीवर आणि एकदा थेट सेलच्या टोकावर. दोन्हींत फरक नसेल तर सेल गेला. फरक असेल तर जोड गेला.

जोडाची परीक्षा बांधायच्या आधीच घ्यावी. एखाद्या निकामी सेलवर पट्टी वेल्ड करा आणि पकडीनं ओढून काढा. पट्टी फाटून तिचे तुकडे सेलवर चिकटून राहिले तर वेल्ड पक्कं. पट्टी अलगद सुटून आली तर मशीनची ताकद वाढवा.

पट्टीही बघून घ्या. शुद्ध निकेल आणि निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद दिसायला सारखंच. चुंबक दोन्हींना धरतं, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे कुचकामी. पट्टीचा तुकडा ग्राइंडरवर टेकवा. पोलाद ठिणग्यांचा फवारा उडवतं, निकेल जवळजवळ काहीच नाही. किंवा तुकडा ओरखडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी गंज दिसला की कळलं. पोलादी पट्टीचा रोध निकेलच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणजे ती तापतेही दुप्पट. ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद निकेलची एक पट्टी सात-आठ अँपिअर आरामात नेते. ड्रिलसाठी दोन-तीन थर लावा. बाहेर जाणाऱ्या तारा सिलिकॉनच्या, किमान २.५ चौरस मिलिमीटरच्या.

सेलवर थेट सोल्डर करणारे बरेच भेटतात आणि त्यातले काही मोठ्या अभिमानानं सांगतात की आमचं काही बिघडलं नाही. सेलच्या आत दोन थरांना वेगळं ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, तो साधारण १३० अंशाला वितळू लागतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांवर असतं. पडदा कुठेतरी जायबंदी झाला तर ते त्या दिवशी कळत नाही, चार-सहा महिन्यांनी कळतं, आणि मग हेच दुखणं घेऊन माणूस पुन्हा सेल विकत घेतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका, कारण इथे चूक झाली तर प्रकरण बंद पडण्यावर थांबत नाही. १८६५० सेलची पूर्ण बाहेरची डबी निगेटिव्ह असते, अगदी पॉझिटिव्ह बटणाच्या शेजारच्या कडेपर्यंत. मध्ये फक्त प्लॅस्टिकचं पातळ आवरण. पॉझिटिव्हवरून जाणारी पट्टी थरथरीनं ते आवरण कापून कडेला लागली की थेट शॉर्ट, आणि तो बीएमएसच्या आतल्या बाजूला होतो, म्हणजे कुणी तोडणारा नाही. प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर इन्सुलेशन कागदाची गोल चकती लावायची. त्यात आळस नको.

चार्ज फुल्ल म्हणजे कुणाचा?

जोड परत घातला, पॅक चालू झाला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा थोडं थोडं तेच सुरू झालं. या वेळी निवांत आकडेच बोलले: चार गट ४.१९, एक गट ३.९७. माझ्या स्वस्त बीएमएसमध्ये गटांना समपातळीवर आणणारी सोय, म्हणजे बॅलन्सिंग, नव्हतीच. असा बोर्ड चार्ज करताना सर्वांत भरलेला गट काठाला आला की थांबतो. मागे राहिलेला गट कायम अर्धपोटी राहतो आणि काम करताना सगळ्यांत आधी तळाला जातो.

उपाय: पॅक मुख्य चार्जरवरून काढून ठेवा, आणि मागे पडलेला एकच गट एका सेलच्या चार्जरनं ४.२ व्होल्टपर्यंत भरा. टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल यासाठी पुरतं. हे करताना पॅक दुसऱ्या कशालाही जोडलेला नको. मग पंधरा दिवस न वापरता ठेवून पुन्हा मोजा. सगळे सारखे राहिले तर बांधतानाच सेल वेगवेगळ्या पातळीवर होते, एवढाच दोष. तोच गट पुन्हा खाली आला तर तो सेल आतून गळतोय. त्याला भरत बसू नका, काढा.

बॅलन्सिंगचा बोर्ड घेतलात तरी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. असे साधे बोर्ड पन्नासेक मिलिअँपिअरनं जास्तीचा गट रिकामा करतात. ४०० मिलिअँपिअर-तासाचा फरक असेल तर आठ तास. रोजचा बारीकसारीक फरक ते मिटवतात, पण बांधणीतली ढिलाई त्यांच्या गळ्यात घालू नये. म्हणून सेल जोडण्याआधी प्रत्येक सेल वेगळा ४.२ पर्यंत भरून घ्यायचा.

आणि कुठलाही सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल तर त्याला चार्जरला लावूच नका. इतक्या खाली आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको त्या जागी जमा होतं.

निकेल-कॅडमियमवरून येणाऱ्यांसाठी

जुन्या निकेल-कॅडमियमची चेष्टा करायची पद्धत आहे, पण करंट देण्यात ते सेल दमदार होते. चांगल्या सब-सी (जुन्या हत्यारांतल्या आखूड, जाड आकाराच्या) सेलचा रोध चार-सहा मिलिओहमच. म्हणून पाच साध्या लिथियम सेलनी त्यांची जागा घेतली की ड्रिल पूर्वीपेक्षा मरगळलेलं वाटतं, आणि माणूस म्हणतो, लिथियममध्ये दम नाही. युरोपीय संघानं कॉर्डलेस हत्यारांसाठी असलेली कॅडमियमची सवलत ३१ डिसेंबर २०१६ नंतर संपवली, पण अंगात दम असलेली जुनी हत्यारं अजून भरपूर फिरताहेत, आणि ती लिथियमवर आणणं मोलाचं काम आहे.

गटांची संख्या: १८ व्होल्टला (पंधरा जुने सेल) पाच, १४.४ व्होल्टला (बारा) चार, १२ व्होल्टला (दहा) तीन. १२ व्होल्टमध्ये तीन गट जरा कमी वाटतात म्हणून चार घालायचा मोह होतो. चार गट भरलेले असताना १६.८ व्होल्ट देतात. ड्रिल दोन दिवस वाघासारखं चालतं आणि मग ट्रिगरमधलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

जुना चार्जर. यावर बाकी कशाहीपेक्षा जास्त जोर देतो. तो पंधरा निकेल-कॅडमियम सेल भरायला बनवलाय, त्याचं मोकळं व्होल्टेज २१ च्या बरंच वर असतं, आणि सेल भरले हे तो तापमानावरून किंवा व्होल्टेज किंचित घसरण्यावरून ओळखतो. लिथियम भरल्यावर घसरत नाही, त्यामुळे तो थांबायचाच नाही. मध्ये फक्त बीएमएस उभा, आणि तो शेवटचा पहारेकरी आहे, त्याच्यावर रोजचं काम टाकायचं नसतं. पाच गटांना २१ व्होल्टवर थांबणारा लिथियमचा चार्जर घ्या आणि जुन्याची वायर त्याच दिवशी कापून टाका. मी कापली. कपाटात ठेवला असता तर घरातल्या कुणीतरी मदत म्हणून पॅक त्याच्यावर चढवून दिला असता.

ज्यांना हे बांधकाम नको आणि तयार मोठा पॅक घ्यायचाय, त्यांनीही तराजू सोडू नये. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास १८६५० मध्ये करायला दहा सेल लागतात, म्हणजे निव्वळ सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर. ५ किंवा ६ चा आकडा छापलेला पॅक एकूण साडेतीनशे ग्रॅम भरला तर आत पाचच सेल आहेत. एका बनावटीचा पॅक दुसऱ्या बनावटीच्या हत्यारावर बसवणारे अॅडॅप्टरही मिळतात. काही पॅकमध्ये व्होल्टेज खाली गेल्यावर थांबवण्याचं काम पॅक करत नाही, हत्यार करतं. अॅडॅप्टर लावला की ते काम कुणाचंच राहत नाही. काम करताना जोर कमी वाटला की लगेच पॅक काढायचा, एवढी शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नये.

चौथी बांधणी

शेवटी दहा सेल घातले, २० अँपिअरचे २५००, दोन-दोन जोडून पाच गट. जुन्या खोक्यात ते आडवे मावले. दोन सेल शेजारी जोडले की रोध निम्मा होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहाच अँपिअर येतात, म्हणजे एका सेलमधली उष्णता चौथाईवर. मला विचाराल तर १८ व्होल्टच्या ड्रिलला एकेरी पाच सेलवर हा पॅक बांधूच नये. ग्राइंडर किंवा करवतीसाठी तर प्रश्नच येत नाही, ती सलग ओढतात, मध्ये श्वास घेऊ देत नाहीत. एकेरीच हवं असेल तर २१७०० घ्या.

बोर्ड ४० अँपिअरचा, बॅलन्सिंगचा. बॅलन्सच्या तारा लावताना बी-वजा (पॅकचं निगेटिव्ह टोक) आधी, मग एक, दोन असं क्रमानं वर. उलटसुलट लावली की बोर्ड तिथेच राम म्हणतो. (माझा एक गेला.) तापमानाचा सेन्सर जुना काढून नवा लावला, २५ अंशाला १० किलोओहमचा, आणि तो पट्टीवर नाही तर मधल्या सेलच्या अंगाला चिकटवला. सेलच्या दोन ओळींमध्ये होल्डर, वर इन्सुलेशन कागद, आणि खोक्यात काही हलणार नाही असं घट्ट.

खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. पहिली ओळ बांधल्या दिवशीची, दोन बल्ब लावून: पाची गटांची घसरण ०.०४ ते ०.०५ च्या दरम्यान. दर तीन महिन्यांनी झाकण उघडून पुढची ओळ लिहितो. आत्तापर्यंत सहा ओळी झाल्यात. सर्वांत मोठा आकडा ०.०६, तिसऱ्या गटाचा. त्याच्यावर लक्ष आहे.